मांडवातली साधी फुले

महाराष्ट्रातल्या कोणत्याही मोठ्या फूलबाजारात मालाचे दोन सरळ भाग दिसतात. एका बाजूला सुटी फुले असतात : झेंडू, शेवंती, गलांडा, अष्टर, गुलछडी, कागडा, मोगरा. ती पोत्यांतून, क्रेटमधून किंवा करंड्यांतून येतात आणि किलोने विकली जातात. दुसऱ्या बाजूला दांड्याची फुले असतात : डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, लिलियम. ती कागदात गुंडाळून खोक्यांतून येतात आणि गड्डीने विकली जातात. डच गुलाबाच्या गड्डीत २० फुले असतात, जरबेऱ्याच्या गड्डीत १०. लग्नाच्या सजावटीचा विषय निघाला की बहुतेक घरांचे लक्ष या दुसऱ्या बाजूकडे जाते आणि फुलांचा खर्च तिथेच वाढतो. पहिल्या बाजूची फुले देवपूजेपुरती आणि दारावरच्या तोरणापुरती उरतात. वास्तविक मांडव भरून टाकण्याची, सुवास देण्याची आणि उन्हाळ्यात तग धरण्याची ताकद याच फुलांत अधिक आहे. ती केव्हा मिळतात, कुठे शोभतात आणि कशी जपावीत हे समजून घेतले, तर मोजक्या पैशांत देखणा मांडव उभा राहतो. शिवाय तो पैसा जवळपासच्या शेतकऱ्याच्या आणि हार गुंफणाऱ्याच्या हाती पडतो.

स्वस्ताईचे कारण

एखादे फूल स्वस्त असण्याचे कारण बहुधा त्याच्या लागवडीत सापडते. डच गुलाब, जरबेरा आणि कार्नेशन ही फुले पॉलिहाउसमध्ये, नियंत्रित हवेत वाढवावी लागतात. सांगाडा, प्लास्टिकचे आच्छादन, ठिबक, विद्राव्य खते आणि रोपे यांचा मोठा खर्च शेतकऱ्याने आधीच केलेला असतो. लिलियमचे कंद मुख्यतः नेदरलँड्समधून येतात. बाजारातले बरेचसे ऑर्किड थायलंडमधून विमानाने येते. काढणीनंतर या फुलांना शीतगृह लागते आणि सांभाळून वाहतूक करावी लागते. हा सगळा खर्च गड्डीच्या भावात उतरतो.

झेंडू, गलांडा आणि अष्टर उघड्या शेतात, बियांपासून तयार केलेल्या रोपांवर वाढतात. शेवंतीची लागवड जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या काश्यांपासून होते, त्यामुळे शेतकऱ्याला दरवर्षी रोपे विकत घ्यावी लागत नाहीत. गुलछडीचे कंद एकदा लावले की दोन-तीन वर्षे फुले देत राहतात. पुणे जिल्ह्यातील पुरंदर, हवेली आणि दौंड तालुक्यांतली फुले रात्री टेम्पोत भरली, की पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा दादरच्या फूलबाजारात पोचतात. वसईचा शेतकरी लोकलने दादर गाठतो. नगर तालुक्यातील अकोळनेरसारखी गावे फुलशेतीसाठीच ओळखली जातात.

भावावर मागणीचाही मोठा परिणाम होतो. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन दिनासाठी मावळ परिसरातला डच गुलाब परदेशी आणि देशातल्या महानगरांत जातो आणि त्याच आठवड्यांत लग्न असलेल्या घराला तो चढ्या भावाने घ्यावा लागतो. झेंडूचे उलट आहे. दसरा-दिवाळी धरून त्याची मोठी लागवड होते. सण सरले की मागणी खाली येते, पण झाडे फुलतच असतात. काही वर्षी तर तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून शेतकरी उभ्या पिकात नांगर घालतो. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त नेमके याच सुमारास येतात. त्या दिवसांत लग्नघराने झेंडू निवडला, तर स्वतःची बचत होते आणि शेतकऱ्याच्या उरलेल्या फुलांनाही गिऱ्हाईक मिळते.

या फुलांच्या उपेक्षेमागे परिचय हे मोठे कारण आहे. जे फूल रोज देव्हाऱ्यात, वाहनपूजेत आणि सत्काराच्या हारात दिसते, ते मंगलकार्यात वेगळे वाटत नाही. झेंडू आणि गुलछडीचे हार अंत्यविधीतही वापरले जातात, त्यामुळे काही घरांत मन कचरते. पण फुलाचे रूप गुंफण्यावर ठरते. सैल, विरळ, पाने लोंबणारी माळ दीनवाणी दिसते. तीच फुले एकाच आकाराची निवडून, देठ काढून, घट्ट लडीत ओवली की भरजरी दिसतात.

ओळख नव्याने

झेंडू. मेक्सिकोतून आलेले हे फूल आज महाराष्ट्राच्या प्रत्येक सणात आहे. सजावटीला त्याचे दोन प्रकार उपयोगी पडतात. मोठ्या, गच्च पाकळ्यांचा आफ्रिकन झेंडू लडी आणि पडद्यांसाठी. छोट्या, तांबूस-पिवळ्या छटांचा फ्रेंच झेंडू परडी, थाळी आणि रांगोळीच्या कडांसाठी. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले ‘पुसा नारंगी गेंदा’ आणि ‘पुसा बसंती गेंदा’ हे वाण अनुक्रमे केशरी आणि गंधकी पिवळ्या रंगाचे आहेत. केवळ पिवळा किंवा केवळ केशरी झेंडू वापरून केलेली सजावट दोन्ही रंगांच्या सरमिसळीपेक्षा शांत आणि नेटकी दिसते.

शेवंती. हे झाड रात्र मोठी होऊ लागली की कळ्या धरते, म्हणून त्याचा नैसर्गिक बहर ऑक्टोबर ते जानेवारीत येतो. ‘झिपरी’, ‘राजा’, ‘पांढरी रेवडी’ आणि ‘पिवळी रेवडी’ ही वाणांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. सुटी शेवंती हारात आणि वेणीत जाते. काडीची शेवंती पाण्यात ठेवली तर आठवडाभर सहज टिकते, त्यामुळे हळदीपासून स्वागतसमारंभापर्यंत एकच गुच्छ पुरतो. पांढरी शेवंती जवळून आणि दुरूनही तितकीच उठून दिसते, आणि हा गुण महागड्या फुलांतही सर्रास आढळत नाही.

अष्टर. मूळ चीनचे हे फूल पुणे परिसरात चांगलेच रुजले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले गणेश’ मालिकेतले पांढरे, गुलाबी, व्हायोलेट आणि जांभळे वाण दिले आहेत. अष्टरमध्ये गुलाबी-जांभळ्याच्या इतक्या छटा मिळतात, की महागड्या फुलांशिवायही फिकट रंगांची सजावट साधते. बाजारात ते सुटे मिळते आणि जुडीनेही मिळते. जुडीतला अष्टर दांड्यासह येतो, त्यामुळे फुलदाणी आणि गुच्छ दोन्हींना चालतो.

गलांडा. या यादीतले सर्वांत उपेक्षित फूल हेच असावे. उत्तर अमेरिकेतून आलेले हे झाड हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर जवळजवळ वर्षभर फुलते. पिवळा, तांबडा आणि तांबड्या पाकळ्यांना पिवळी कड असलेला असे त्याचे प्रकार आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात डच गुलाबाच्या पाकळ्या काही तासांत काळवंडतात, तिथे गलांडा संध्याकाळपर्यंत उभा राहतो. मराठवाडा, सोलापूर आणि विदर्भातल्या वैशाखातल्या लग्नांसाठी तो फार भरवशाचा आहे.

गुलछडी. निशिगंध या नावानेही ओळखले जाणारे हे फूल हारातला पांढरा धागा सांभाळते. एकेरी पाकळ्यांचा प्रकार अधिक सुवासिक असतो आणि तो सुट्या फुलांसाठी वापरतात. दुहेरी पाकळ्यांचा प्रकार काडीसाठी घेतात. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचे ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ हे एकेरी, तर ‘सुवासिनी’ आणि ‘वैभव’ हे दुहेरी वाण आहेत. संध्याकाळी सुवास वाढत जातो, म्हणून गोरज मुहूर्ताच्या आणि रात्रीच्या कार्यक्रमांना गुलछडी विशेष खुलते.

कागडा, कुंदा आणि लिली. मोगरा उन्हाळ्यात भरपूर येतो, पण हिवाळ्यात त्याचा भाव फार चढतो. त्या काळात गजऱ्याला कागडा हा उत्तम पर्याय आहे. त्याला मोगऱ्याचा वास नाही, पण कळी लांबट, शुभ्र आणि टिकाऊ असते. गजऱ्यात अधूनमधून मरव्याच्या काड्या गुंफल्या की सुवासाची उणीव भरून निघते. थंडीत फुलणारा कुंदा हाही असाच साधा, पांढरा पर्याय. बाजारात बंडलाने मिळणाऱ्या लिलीच्या लांब, पांढऱ्या कळ्या हारात आणि वेणीत आडव्या ओवल्या की नक्षीदार पट्टा तयार होतो.

अबोली आणि सुरंगी. अबोलीला वास नाही, वजनही जवळपास नाही. पण तिचा केशरी रंग केसांत जसा उठतो तसा दुसऱ्या फुलाचा उठत नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात अबोलीच्या फाती आणि वळेसार या माळा लग्नाच्या शृंगारात आजही मानाने वापरतात. वेंगुर्ले-सावंतवाडी भागात फाल्गुन-चैत्रात सुरंगीचे वळेसार मिळतात. त्यांचा सुवास सुकल्यावरही रेंगाळतो. त्या भागातल्या लग्नाला बाहेरून मोगरा मागवण्याचे कारणच उरत नाही.

कागदी पाकळ्यांची फुले. कोंबडा, गोम्फ्रेना आणि स्टॅटिस यांच्या पाकळ्यांत मुळात पाणी कमी असते, म्हणून ती सुकली तरी रंग आणि आकार सोडत नाहीत. कोंबड्याचा मखमली, गर्द किरमिजी तुरा गुच्छाच्या मध्यभागी ठेवला तर गुलाबाची गरज भासत नाही. रुखवताची मांडणी, आहेराच्या परड्या आणि पाहुण्यांच्या स्वागताच्या ताटल्या अशा दोन-तीन दिवस आधी सजवाव्या लागणाऱ्या वस्तूंसाठी ही फुले योग्य.

मुहूर्त आणि बहर

मराठी लग्नांचा हंगाम कार्तिकातल्या तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागेपर्यंत चालतो. पौषात बहुतेक घरे लग्न टाळतात. या सात-आठ महिन्यांत शेतातला बहर तीनदा बदलतो, आणि फुलांची निवड त्या बदलाला धरून केली तरच ती स्वस्त पडते.

कार्तिक ते मार्गशीर्ष, म्हणजे साधारण नोव्हेंबर-डिसेंबर, हा सर्वांत संपन्न काळ. शेवंती भर बहरात असते, झेंडू मुबलक असतो, अष्टर आणि ग्लॅडिओलस चांगल्या प्रतीचे मिळतात. थंडीमुळे फुले टिकतातही जास्त. माघ-फाल्गुनात शेवंती ओसरू लागते. तेव्हा अष्टर, गुलछडी, गलांडा आणि उन्हाळी लागवडीचा झेंडू हाताशी असतो. चैत्र ते ज्येष्ठ हा मोगऱ्याचा काळ. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगड भागातले आदिवासी शेतकरीही आता मोगरा पिकवतात आणि तो मुंबईच्या बाजारात येतो. या महिन्यांत रंगासाठी गलांडा, वासासाठी मोगरा आणि सोनचाफा, आणि भरावासाठी हिरवा पाला अशी वाटणी सोयीची ठरते.

बहावा, पळस आणि गुलमोहरही उन्हाळ्यात रस्तोरस्ती फुललेले असतात. त्यांच्या फांद्या तोडून आणण्याचा मोह आवरावा. बहाव्याचे घोस तोडल्यावर लवकर माना टाकतात, आणि पळसाच्या फुलोऱ्यावर त्या दिवसांत अनेक पक्ष्यांची गुजराण चालते. स्वतःच्या अंगणातल्या झाडाखाली पडलेली फुले वेचून रांगोळीत वापरली तर काही बिघडत नाही.

ज्या घराची स्वतःची शेती आहे, त्याने लग्नाची तारीख ठरताच झेंडूचा एखादा वाफा धरावा. रोप तयार व्हायला तीन-चार आठवडे आणि पुनर्लागवडीनंतर फुले यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे मुहूर्ताच्या सुमारे तीन महिने आधी बी पेरावे. अष्टरला याहून थोडा अधिक वेळ द्यावा.

कोणते फूल कुठे

दाराला आणि मांडवाच्या खांबांना ऊन आणि वारा सर्वाधिक लागतो. तिथे झेंडूच्या लडी, गलांड्याचे तोरण आणि आंब्याचे टहाळे हवेत. केळीचे खांब स्वतःच इतके डौलदार असतात, की त्यांना फुलांनी झाकू नये. बुंध्याशी झेंडूचे एक कडे बांधले की पुरे. कोकणात सुपारीचा फुलोरा सहज मिळतो. त्याच्या फिकट पिवळ्या झिरमिळ्या कमानीवरून सोडल्या तर झुंबरासारख्या दिसतात.

बोहल्याच्या मागचा पडदा लग्नाच्या प्रत्येक छायाचित्रात येतो. इथे दोनच रंग निवडावेत आणि त्यांतला एक पांढरा किंवा हिरवा असावा. वधूच्या शालूचा रंग आधी पाहावा. हिरव्या शालूमागे पिवळा झेंडू, लाल शालूमागे पांढरी शेवंती, पिवळ्या अष्टपुत्रीमागे जांभळा अष्टर अशी जोडी जमते. वेळेचाही विचार हवा. जांभळे आणि गर्द किरमिजी फूल रात्रीच्या पिवळ्या दिव्यांत काळसर दिसते. पांढरे आणि फिकट पिवळे मात्र खुलते. म्हणून जांभळा अष्टर दिवसाच्या मुहूर्ताला आणि पांढरी शेवंती-गुलछडी रात्रीच्या स्वागताला ठेवावी.

वरमालेसाठी गुलछडीच्या कळ्यांचा हार हलका पडतो. गुलाबपाकळ्यांचे जड हार दिवसभर गळ्यात वागवणे वधूवरांना त्रासाचे होते. पांढऱ्या हाराला अष्टरचे किंवा लाल गलांड्याचे पदक लावले तर रंगही येतो. मुंडावळ्या आता बहुधा मोत्यांच्या असतात. पण कागडा किंवा मोगऱ्याच्या कळ्या आणि मधे शेवंतीची छोटी फुले ओवून केलेल्या मुंडावळ्या चेहऱ्याला अधिक सौम्य दिसतात आणि हारवाला त्या सहज करून देतो.

फुलदाण्या आणि टेबलावरच्या मांडणीत दांड्याची साधी फुले हवीत : काडीची शेवंती, अष्टरची जुडी, गुलछडी, गोल्डन रॉड, डेझी. महागडे फूल घ्यायची हौस असेल तर प्रत्येक फुलदाणीत एकच ठेवावे आणि भोवती साधी फुले भरावीत. कामिनीच्या गर्द, चकचकीत पानांच्या डहाळ्या आणि नेच्याची पाने यांनी गुच्छ भरगच्च होतो आणि फुले कमी लागतात. मांडणीसाठी बाजारात मिळणारा हिरवा फोम विघटन न होणारा प्लास्टिकचा प्रकार आहे. त्याऐवजी केळीच्या बुंध्याचे वीतभर लांबीचे तुकडे वापरावेत. त्यांत पाणी धरलेले असते, टोकदार काडीने भोक पाडून दांडे रोवता येतात, आणि कार्य झाल्यावर तुकडे खतात जातात.

पंगतीत आणि हळदीच्या जागी पाण्याने भरलेल्या तांब्या-पितळेच्या घंगाळात सुट्या पाकळ्या आणि झेंडूची फुले सोडणे हा सर्वांत स्वस्त आणि तरीही शोभिवंत प्रकार आहे. हाताळताना तुटलेली, दांड्यावरून गळलेली फुलेही त्यात खपून जातात.

मोजमाप

फुलांचा अंदाज चुकला की एकतर ऐनवेळी धावपळ होते किंवा ढिगाने फुले वाया जातात. झेंडूचे हिशेब सोपे आहेत. मध्यम आकाराचे फूल साधारण ५ ते ८ ग्रॅम भरते, म्हणजे एका किलोत १२५ ते २०० फुले येतात. घट्ट ओवलेली लड एका किलोत अंदाजे ४ ते ५ मीटर होते.

समजा बोहल्यामागचा पडदा ३ मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच करायचा आहे आणि दोन लडींत १५ सेंटिमीटर अंतर ठेवायचे आहे. तर एकूण २१ लडी लागतील आणि त्यांची लांबी मिळून साडेबावन्न मीटर होईल. त्यासाठी साधारण साडेदहा ते तेरा किलो झेंडू लागेल. किडलेली, दबलेली फुले बाजूला काढावी लागतात म्हणून एक-दीड किलो वर धरावा. अंतर २० सेंटिमीटर केले आणि मागे पांढरे किंवा हिरवे कापड लावले, तर लडी १६ वर येतात आणि फुले जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी लागतात, तरी पडदा विरळ दिसत नाही.

शेवंती आणि गलांडा झेंडूपेक्षा हलके असल्याने एका किलोत जास्त फुले येतात. अबोली तर इतकी हलकी, की किलोभर भरायला हजारो फुले लागतात. म्हणून ती माळ किंवा फातीच्या मापाने घ्यावी. गजरे किती लागतील हे आधी मोजून सांगावे, कारण कळ्या रात्रीच गुंफाव्या लागतात आणि सकाळी वाढवता येत नाहीत.

ताजेपणाची काळजी

साध्या फुलांवर टिकत नाहीत असा आरोप होतो. त्याचे मूळ बहुतेक वेळा हाताळणीत असते. तोडलेले फूल श्वसन करत राहते, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि पोत्यात दाबून भरलेली फुले आतून तापतात. त्यामुळे बाजारातून आणलेले पोते लगेच उघडावे, फुले सावलीत ओल्या गोणपाटावर किंवा चादरीवर पातळ पसरावीत आणि वरून पाण्याचा हलका शिडकावा करावा. झेंडूवर पाणी साचू देऊ नये. पाकळ्यांच्या गच्च गाभ्यात ते अडकले की फूल कुजते.

तोडणीची वेळही महत्त्वाची आहे. झेंडू पूर्ण उमलल्यावर, पहाटे किंवा संध्याकाळी तोडतात. आदल्या दिवशी शेताला पाणी दिले असेल तर फूल अधिक टिकते. मोगरा-कागडा कळी असतानाच तोडतात. गुलछडीची काडी खालची दोन-तीन फुले उमलली की कापतात, म्हणजे वरची फुले पुढच्या काही दिवसांत क्रमाने उमलतात. मुहूर्ताच्या दिवशी पूर्ण फुललेली काडी हवी असेल तर ती दोन दिवस आधी आणून पाण्यात ठेवावी.

दांड्याच्या फुलांसाठी तीन नियम पुरेसे आहेत. दांडा धारदार सुरीने तिरका कापावा, कारण बोथट कात्रीने पाणी वाहणाऱ्या नळ्या चेंगरतात. पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावीत. ती कुजली की जिवाणू वाढतात आणि नळ्या बंद होतात. पाणी रोज बदलावे आणि त्यात चमचाभर साखर व थोडा लिंबाचा रस घालावा. साखर फुलाला अन्न पुरवते, आणि आम्लामुळे पाणी चांगले शोषले जाते.

फुले आणि पिकलेली फळे एका खोलीत ठेवू नयेत. पिकणाऱ्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने अनेक फुले लवकर कोमेजतात. लग्नघरात फळांच्या करंड्या आणि फुलांची पोती बहुधा एकाच कोपऱ्यात रचली जातात. तेवढे टाळले तरी फरक दिसतो. गजरे केळीच्या पानात किंवा ओल्या सुती फडक्यात गुंडाळून शीतकपाटात ठेवावेत.

खरेदी, मजुरी आणि सावधगिरी

भाव पहाटे कसा निघेल हे आवकेवर ठरते. पाऊस, धुके किंवा सण यांनी तो एका रात्रीत बदलतो. म्हणून कोणत्याही एका फुलावर अडून न राहता एकाच रंगाची दोन फुले मनात ठेवावीत : पिवळ्यासाठी झेंडू किंवा शेवंती, पांढऱ्यासाठी गुलछडी किंवा पांढरा अष्टर, तांबड्यासाठी गलांडा किंवा कोंबडा. सजावटकाराला फुलाचे नाव सांगण्याऐवजी रंग, आकार आणि खर्चाची मर्यादा सांगितली तर तो बाजारातला त्या दिवसाचा चांगला माल घेऊ शकतो. मोठ्या मांडवासाठी थेट शेतकऱ्याशी आठ-दहा दिवस आधी बोलून ठरवलेला भाव दोघांनाही परवडतो.

फुलांवर वाचलेल्या पैशांतला काही भाग गुंफणाऱ्या हातांना द्यायला हवा. साध्या फुलांच्या सजावटीत खरे मोल कारागिरीचे असते. पन्नास मीटर लडी ओवण्यासाठी रात्रभर जागणारे, कळीला कळी लावून वेणी बांधणारे कारागीर बहुधा फूलबाजारालगत बसतात आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांना वेळेत काम आणि पुरेशी मजुरी मिळाली, तर त्यांच्याकडच्या जाळीच्या, झालरीच्या आणि पदकांच्या जुन्या नक्ष्याही पुन्हा मांडवात येतील.

काही गोष्टींत मात्र सावध राहावे. लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी बिट्टी ही अंगणात सहज मिळणारी फुले विषारी आहेत. झाडाचा प्रत्येक भाग विषारी असतो. ती ताट, पाणी, अक्षता आणि लहान मुले यांच्यापासून दूर ठेवावीत. बाजारातल्या फुलांवर कीटकनाशकांची फवारणी झालेली असते, म्हणून ती मिठाईवर किंवा सरबतात घालू नयेत. अष्टपुत्री, शेला आणि उपरणे यांना झेंडूच्या ओल्या पाकळ्यांचे डाग पडतात. माळ अंगावर घालण्यापूर्वी झटकून कोरडी करावी.

कार्य संपल्यावर

बिनाप्लास्टिक सजावटीचा मोठा फायदा मांडव उतरवताना कळतो. लडी सुती दोऱ्यात किंवा केळीच्या सोपटात ओवल्या असतील तर त्या तशाच खताच्या खड्ड्यात टाकता येतात. नायलॉनचा दोरा, तारा आणि चमकी वापरली असेल तर प्रत्येक फूल सुटे करावे लागते आणि ते कोणी करत नाही. म्हणून सुती दोऱ्याची अट सजावटकाराला आधीच घालावी. झेंडूच्या पाकळ्या सावलीत वाळवून ठेवल्या तर तुरटीच्या साहाय्याने सुती आणि रेशमी कापडाला पक्का पिवळा रंग देता येतो. चांगल्या स्थितीतल्या शेवंती-अष्टरच्या काड्या जवळच्या वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात द्याव्यात. त्या आणखी तीन-चार दिवस टवटवीत राहतात. पूर्ण वाळलेल्या झेंडू, गलांडा आणि कोंबड्याच्या फुलांतले बी वेगळे करून जपून ठेवले, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला ते अंगणात पेरता येते. संकरित वाणाच्या बियांपासून आलेली फुले मूळ फुलासारखी येतीलच असे नाही. देशी वाणाची मात्र बहुधा तशीच येतात.